‘कुलीन’ या शब्दापलीकडच्या दुर्गाबाई

१९९१ साली तीन महिन्यांच्या अंतराने दोन अभिनेत्री गेल्या. १४ जूनला लंडनमध्ये डेम पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट गेल्या आणि २२ सप्टेंबरला आपल्याकडे दुर्गाबाई खोटे. पहिलीचा जन्म १९०७ चा, दुसरीचा १९०५ चा. दोघींनी पाच-सहा दशके काम केले, रंगभूमीवर केले आणि पडद्यावरही केले. दोघींनी शेक्सपिअर केला. म्हातारपणीच्या भूमिकेसाठी दोघींना चित्रसृष्टीने पारितोषिक दिले. अ‍ॅशक्रॉफ्टबाईंना ‘अ पॅसेज टु इंडिया’मधल्या मिसेस मूरबद्दल १९८५ मध्ये ऑस्कर मिळाले. दुर्गाबाईंना ‘बिदाई’ या १९७४ च्या चित्रपटाबद्दल फिल्मफेअर मिळाले. दोन्ही पारितोषिके साहाय्यक अभिनेत्रीची होती.

इथपर्यंत साम्य. पुढचा फरकच आम्हाला अधिक बोलका वाटतो. पेगी अ‍ॅशक्रॉफ्टविषयी इंग्रज समीक्षक लिहितात तेव्हा ती कोणत्या घराण्यातली, तिचे वडील काय करीत, तिच्या येण्याने नाट्यव्यवसायाला प्रतिष्ठा आली की नाही, याची चर्चा पहिल्या ओळीत नसते. तिने १९३० साली पॉल रोबसनच्या ऑथेल्लोसमोर डेस्डिमोना कशी केली आणि १९६३ मध्ये ‘वॉर्स ऑफ द रोझेस’मधली राणी मार्गारेट तरुणपणापासून जख्ख म्हातारपणापर्यंत कशी नेली, याबद्दल पाने भरतात. आमच्या दुर्गाबाईंबद्दल मराठीत कोणताही लेख उघडा, कोणतेही स्मरणिकेचे पान काढा. पहिले वाक्य ठरलेले आहे : चित्रपटात आलेली पहिली कुलीन, सुशिक्षित स्त्री. हे वाक्य इतक्या वेळा छापले गेले आहे की त्याखाली खुद्द अभिनेत्री झाकली गेली. तिला त्या वाक्याखालून बाहेर काढावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जळगाव-धुळ्याकडची माणसे म्हणतील, खानदेशात बसून लिहिता आणि आमची स्मिता सोडून मुंबईच्या दुर्गाबाईंवर का लिहिता? तक्रार रास्त आहे. स्मिता पाटील शिरपूरच्या घरची लेक. तिच्यावर खानदेशाने केलेले प्रेम अजून आटलेले नाही. पण ती १९८६ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेली. तिच्याविषयी लिहिताना लेखणी आपोआप ‘काय झाले असते’ या वाटेला लागते. दुर्गाबाईंविषयी ‘काय झाले’ हेच सांगायला पुष्कळ आहे. दीर्घ कारकीर्द ही वेगळीच गोष्ट असते. तिच्यात चढ असतात, सपाट माळ असतो, पोटासाठी केलेली कामे असतात, आणि मधूनच असे काही येते की आधीची दहा वर्षे कशासाठी होती ते कळते.

आधी त्या ‘पहिल्या कुलीन’ शब्दाचा निकाल लावू. इतिहास म्हणून हे विधान टिकत नाही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या १९१३ च्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामे केली होती. या मायलेकी ब्राह्मण घरातल्या होत्या. कमलाबाई पुढे गोखले झाल्या आणि रंगभूमी-पडद्यावर त्यांनीही प्रदीर्घ काम केले. म्हणजे ‘कुलीन’ या शब्दाचा जो रूढ, जातीचा अर्थ घेतला जातो त्या अर्थानेही दुर्गा खोटे पहिल्या नव्हेत. त्या दोघी विस्मरणात का गेल्या? कारण त्या गरीब होत्या, फिरत्या नाटक कंपनीत होत्या. तेव्हा ‘कुलीन’ म्हणताना नुसती जात बोलत नाही; सॉलिसिटर लाडांचे घर, कॅथीड्रल शाळा, सेंट झेवियर्स कॉलेज आणि खोट्यांसारखे श्रीमंत सासर हे सगळे एकदम बोलत असते.

आणि दुसऱ्या बाजूला कोण उभे राहते? ज्या ‘कुलीन’ नव्हत्या त्या. फातिमा बेगम, जिने १९२६ साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला, त्या काळी जगात स्त्री-दिग्दर्शक बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. तिची मुलगी झुबेदा, १९३१ च्या ‘आलम आरा’ची नायिका, म्हणजे आपल्या बोलपटाची पहिली नायिका. सुलोचना नावाने गाजलेली रूबी मायर्स, बगदादी ज्यू घरातली. कोठ्यावरचे गाणे घेऊन आलेली आणि पुढे स्वतः चित्रपट काढणारी, संगीत देणारी जद्दनबाई. मराठी रंगभूमीकडे वळले तर गंधर्व कंपनीत आलेली गोहरबाई कर्नाटकी. या साऱ्या जणींनी काट्यांतून वाट काढली, मग ‘सभ्य घरातल्या’ बाईने त्या वाटेवरून पाऊल टाकले, आणि इतिहासाने लिहिले की वाट आता सुरू झाली! उर्दूत यासाठी ‘शरीफ’ हा शब्द आहे. शराफत घराण्यात असते की वागणुकीत, हा वाद आमच्या बिरादरीतही जुनाच आहे. अश्रफ आणि अजलाफ यांची उतरंड आम्ही पाळतो, मग दुसऱ्यांच्या ‘कुलीन’ शब्दाला कोणत्या तोंडाने हसावे? म्हणून हसत नाही, फक्त तो शब्द तपासतो.

योगायोग असा की १९०५ सालीच मिरजेला हिराबाई बडोदेकरांचा जन्म झाला. उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची ही मुलगी. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याच्या काळात ती मराठी रंगभूमीवर स्वतः स्त्री म्हणून उभी राहिली, गायली, आणि तिच्या वागण्याची अदब पाहून प्रेक्षकांनी माना खाली घातल्या. तिला कोणी ‘कुलीन’ म्हणून पहिले स्थान दिले नाही. तिने ते गाऊन मिळवले. दोघी एकाच वर्षाच्या. दोघींना एकाच पानावर ठेवून मराठी नाट्येतिहास लिहिला गेला तर बरेच प्रश्न आपोआप सुटतील.

दुर्गाबाई चित्रपटात आल्या त्या काही समाजाला प्रतिष्ठा द्यायला नव्हे. घरची श्रीमंती ओसरली होती आणि पदरात दोन लहान मुलगे होते. ‘फरेबी जाल’ या मोहन भवनानींच्या १९३१ च्या चित्रपटात त्यांना एक छोटे काम मिळाले. चित्रपट सुमार निघाला आणि लोकांनी त्यांच्यावर यथेच्छ चिखलफेक केली. मोठ्या घरची म्हणून जे कौतुक पुढे झाले, ते घराणे त्या वेळी उपयोगी पडले नाही. उलट घराणे मोठे म्हणून शिव्याही मोठ्या. याच चित्रपटातले काम पाहून शांतारामबापूंनी त्यांना ‘प्रभात’मध्ये बोलावले. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ च्या फेब्रुवारीत आला, मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई तारामती. पुढे काही वर्षांतच पती वारले. म्हणजे ज्या बाईला आपण ‘हौसेने आलेली शिक्षित स्त्री’ म्हणून रंगवतो, ती पोटासाठी काम करणारी बाई होती. गिरणीत जाणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, हातमागाच्या कांड्या भरणाऱ्या आमच्या खानदेशातल्या बायकांशी तिचे नाते इथे जुळते. त्या बायकांना मात्र कुणी पहिली कुलीन म्हणत नाही, हा भाग वेगळा.

आता कामाकडे वळू. ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी होत्या, जवळ पाळीव चित्ता. १९३६ चा ‘अमरज्योती’ मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. त्यातली सौदामिनी समुद्रावरची लुटारू आहे. कायदा तिला तिचे मूल देत नाही, कारण कायदा पुरुषांनी केलेला. म्हणून ती राज्याविरुद्ध बंड करते, जहाज घेते, न्यायमंत्र्याचा सूड घेते. चित्रपट पुढे शांतारामबापूंच्या सवयीप्रमाणे सलोख्याकडे वळतो आणि तिथे तो थोडा लंगडतो. पण पहिल्या अर्ध्यातली दुर्गाबाई पाहा. त्या ओरडत नाहीत. त्या काळच्या बोलपटात नाटकी हातवारे आणि दीर्घ हेल हीच अभिनयाची रीत होती. चंद्रमोहनचे डोळे तर पडदा फाडून येतात. त्यांच्यासमोर दुर्गाबाई मान ताठ ठेवून, आवाज खालच्या पट्टीत आणून बोलतात. देहाची उंची, सरळ कणा आणि सावकाश वळणारी मान ही त्यांची तीन हत्यारे. पुढची चाळीस वर्षे त्यांनी याच तीन गोष्टींवर काढली, असे म्हटले तर वावगे होणार नाही. हा चित्रपट व्हेनिसला दाखवला गेला. त्याआधी देवकी बोस यांचा ‘सीता’ (१९३४) तिथे गेला होता, त्यातही सीता दुर्गाबाईच.

त्या ‘सीते’त राम होते पृथ्वीराज कपूर. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण सव्वीस वर्षांनी हीच जोडी पुन्हा पडद्यावर येते, शहेनशहा अकबर आणि जोधाबाई म्हणून. मधल्या काळात दुर्गाबाईंनी एका कंपनीच्या पगारावर राहण्याची रीत मोडली. कलकत्ता, पुणे, मुंबई जिथे काम असेल तिथे ठरवून करायचे आणि करार संपला की मोकळे, असे स्वातंत्र्य घेणाऱ्या नट्यांत त्या अगदी सुरुवातीच्या. स्वतः निर्मितीही केली. पुढे जाहिरातपट, माहितीपट काढणारी त्यांची संस्था उभी राहिली आणि १९८८ साली दूरदर्शनवर आलेली ‘वागळे की दुनिया’ याच संस्थेची. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावरची ही मालिका ज्यांनी पाहिली, त्यातल्या किती जणांना पडद्यामागचे हे नाव ठाऊक होते?

१९४१ साल महत्त्वाचे. आचार्य अत्र्यांच्या कथेवर गजानन जागीरदारांनी ‘पायाची दासी’ काढला, हिंदीत ‘चरणों की दासी’. सून वनमाला, सासू दुर्गाबाई. वय छत्तीस. पाच वर्षांपूर्वी जहाजावर उभी असलेली बंडखोर बाई आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सुनेचा छळ करते आहे. तिथल्या नट्या छत्तिसाव्या वर्षी ज्युलिएट सोडून क्लिओपात्राकडे जातात, आपल्याकडच्या नायिकेला एकदम सासू व्हावे लागते. अ‍ॅशक्रॉफ्टबाईंना पंचावन्नाव्या वर्षी राणी मार्गारेटचे तारुण्य रंगवू देणारी रंगभूमी होती. इथे दुर्गाबाईंना तारुण्यात म्हातारपण रंगवावे लागले. पण त्यांनी केले काय, तर त्या सासूला खलनायिका न करता माणूस केले. ती दुष्ट आहे, पण तिला घराची भीती वाटते आहे, हातातून किल्ल्या जाण्याची भीती. बंगालच्या चित्रपत्रकारांनी त्यांना या भूमिकेसाठी उत्कृष्ट अभिनेत्री ठरवले आणि लगेच पुढच्या वर्षी ‘भरतमिलाप’मधल्या कैकेयीसाठी पुन्हा. १९३४ ची सीता १९४२ ला कैकेयी झाली. रामायणाच्या दोन टोकांना उभे राहून दोन्हीकडे पटवणे सोपे नसते.

इथे खानदेशी माणूस म्हणून एक गोष्ट सांगायचा मोह होतो. ज्या अत्र्यांनी दुर्गाबाईंना सासू केले, त्याच अत्र्यांनी अकरा वर्षांनी आमच्या आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी जगापुढे आणली. सासर-माहेराचे, जात्याचे, घरोट्याचे जग अत्र्यांना दोन्हीकडे दिसले. एकीकडे ते निरक्षर शेतकरणीने स्वतः सांगितले होते, दुसरीकडे कॅथीड्रल शाळेत शिकलेल्या बाईने अभिनयातून उभे केले. सांगण्यात आणि करून दाखवण्यात जो फरक आहे तो राहिला असेलच. ‘पायाची दासी’ आमच्या भागात यात्रांच्या तंबूंत लागला असेल तर पाहणाऱ्या बायका कुणाच्या बाजूने रडल्या असतील, याची कल्पना करून पाहावी. सून म्हणून रडल्या असतील आणि घरी जाऊन सासू म्हणून वागल्या असतील.

‘पृथ्वीवल्लभ’मधली (१९४३) मृणालवती हे त्या मधल्या काळातले सर्वांत धारदार काम. सोहराब मोदींचा मुंज आणि ही अभिमानी राजकन्या समोरासमोर आली की पारशी रंगभूमीचा दणदणाट आणि मराठी रंगभूमीचा संयम यांची जुगलबंदी ऐकायला मिळते. मोदींच्या तोंडी उर्दूमिश्रित भारदस्त हिंदुस्थानी, आणि दुर्गाबाईंची तिला तोडीस तोड साथ. बाकी या काळातले बरेच चित्रपट आज पाहवत नाहीत. तेही सांगितले पाहिजे.

रंगभूमी हा दुर्गाबाईंचा दुसरा संसार. चित्रपटात नाव झाल्यावर त्या नाटकाकडे वळल्या, ही उलटी वाट. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून त्यांनी काम केले. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई आणि १९५४ साली शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मधली लेडी मॅक्बेथ. ‘राजमुकुट’ बसवायला हर्बर्ट मार्शल हा इंग्रज दिग्दर्शक आला होता. याच मार्शलने १९३८ साली लंडनच्या युनिटी थिएटरमध्ये रोबसनला घेऊन नाटक केले होते. म्हणजे अ‍ॅशक्रॉफ्टचा ऑथेल्लो आणि दुर्गाबाईंचा मॅक्बेथ यांच्यामध्ये माणसे फार नाहीत. समोर नानासाहेब फाटक. नानासाहेबांचा आवाज म्हणजे नगारा. त्या नगाऱ्यासमोर एकोणपन्नास वर्षांची बाई उभी करायची आणि तिच्या सांगण्यावरून हा पहाडासारखा माणूस खून करतो हे पटवायचे! आनंदीबाई काय आणि लेडी मॅक्बेथ काय, दोघी सत्तेसाठी नवऱ्याला पुढे ढकलणाऱ्या. ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून आनंदीबाईला महाराष्ट्राने शतकभर शिव्या दिल्या. पुरुषांच्या भांडणातले पाप बाईच्या पदरी घालण्याची ही जुनी खोड. एकाच अभिनेत्रीने मागेपुढे या दोन्ही भूमिका केल्या याचा अर्थ आमच्या समीक्षेने नीट लावलेला नाही. नाटकातले काम पडद्यासारखे परत पाहता येत नाही, म्हणून समीक्षकाची जबाबदारी तिथे अधिक असते. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. दिल्लीने दखल घेतली, तरी मराठी नाट्यसमीक्षेत त्यांच्याबद्दल आदराचे उल्लेख अधिक आणि विश्लेषण कमी.

आता ‘मुग़ल-ए-आझम’. ५ ऑगस्ट १९६० ला हा चित्रपट लागला आणि २००४ साली रंगीत होऊन पुन्हा आला. आमच्या घरांतून या चित्रपटाचे संवाद पाठ असतात. दिलीपकुमार आणि पृथ्वीराज यांच्या संवादांवर वाद घालणारे लोक जळगावच्या चहाच्या हॉटेलात आजही भेटतील. मधुबालाबद्दल तर बोलायलाच नको. जोधाबाईबद्दल मात्र कोणी बोलत नाही. आमचे मत असे की या चित्रपटातली सर्वांत अवघड भूमिका जोधाची आहे. सलीमला बंड करता येते, अकबराला हुकूम देता येतो, अनारकलीला गाता येते. जोधाला यातले काहीच करता येत नाही. ती राजपूत आहे आणि मुघल हरममध्ये आहे, हिंदू आहे आणि मलिका आहे, बायको आहे आणि आई आहे. महालात जन्माष्टमी साजरी होते ती तिच्यामुळे. त्या महालातली तिची जागा के. आसिफ यांनी एखाद्या पुलासारखी ठेवली आहे. पुलावरून दोन्हीकडची माणसे जातात, पूल मात्र कुठेच जात नाही. युद्धाला निघालेल्या बादशहाच्या समोर ती येते तेव्हा तिच्यापुढे पती की पुत्र अशी निवड टाकली जाते. त्या प्रसंगात दुर्गाबाईंचे डोळे कोरडे आहेत. दुसरी कोणतीही हिंदी पडद्यावरची ‘माँ’ तिथे हंबरडा फोडून मोकळी झाली असती.

आणि भाषा. अमानुल्ला खान, कमाल अमरोही, वजाहत मिर्झा आणि एहसान रिझवी यांनी लिहिलेले ते जडजवाहिराचे उर्दू. मराठी घरात वाढलेली बाई ते बोलते आणि कुठेही उसने वाटत नाही. याचे सर्वांनी कौतुक केले, आम्हीही करतो. पण इथेच आम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. मराठी बाई उर्दू बोलली तर ते अभिनयाचे कौशल्य ठरते. मुसलमान बाई मराठी बोलली तर?

तर लोक म्हणतात, “अरे वा, तुमचे मराठी किती छान आहे!” हे वाक्य आम्ही सभा-संमेलनांत इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे हसू येणेही बंद झाले. आमच्या खानदेशात घरात दखनी वळणाची उर्दू, बाजारात अहिराणी आणि शाळेत मराठी अशा तीन भाषा एका जिभेवर नांदतात. ज्या जळगावात बालगंधर्वांना लहानपणी मेहबूबखाँनी गाणे शिकवले, त्या जळगावात भाषेवरून कोणी कोणाला परके म्हणू नये. पण म्हणतात.

सोलापूरच्या फैयाज यांची गोष्ट पाहा. १९६७ च्या डिसेंबरात ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले. दारव्हेकरांचे लेखन, अभिषेकीबुवांचे संगीत, वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब आणि फैयाज यांची झरीना. बापाच्या गाण्यावर जीव असलेली आणि बापाचा अन्याय ओळखणारी मुलगी. २०१५ च्या चित्रपटात झरीना अमृता खानविलकरने केली, ती देखणी होती. पण रंगमंचावर गाणे आणि बोलणे एकाच श्वासात आणणारी झरीना वेगळी. फैयाज यांनी नुसती मुसलमान पात्रेच केली नाहीत. संगीत नाटक, गद्य नाटक, चित्रपट, लावणी, सारे केले, आणि तेही अर्धशतकाच्या आसपास. २०१५ साली बेळगावच्या ९५ व्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी त्या बसल्या. सीमाभागात, जिथे मराठी बोलणे हेच एक विधान असते, तिथे मराठी रंगभूमीच्या वतीने सोलापूरच्या शेख घराण्यातली लेक बोलली. आम्हाला हे त्या वर्षातले मोठे सांस्कृतिक वृत्त वाटले होते. वर्तमानपत्रांनी त्याला किती जागा दिली ते त्यांनीच पाहावे.

दुर्गाबाईंचा दुसरा विवाह महंमद रशीद यांच्याशी झाला होता. त्यावरून चर्चा करणारे दोन्हीकडे असतात, आम्ही त्यात पडत नाही. माणसाच्या खासगी दुःखाला धर्माचे लेबल लावून पाहण्यात हशील नाही. त्यांचे आत्मचरित्र ‘मी, दुर्गा खोटे’ १९८२ साली आले आणि शांता गोखले यांनी २००६ मध्ये ते इंग्रजीत नेले. ज्यांना त्यांचे आयुष्य जाणून घ्यायचे आहे त्यांनी ते पुस्तक वाचावे. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’शेजारी ठेवून वाचावे, म्हणजे दोन वर्गांतल्या बायका एकाच धंद्याकडे कशा पाहतात ते कळेल. एक बाई प्रतिष्ठा सांभाळत सांगते, दुसरी ती फेकून देऊन. आम्हाला दोन्ही पुस्तके लागतात. हंसाबाईंच्या पुस्तकावरून ‘भूमिका’ निघाला आणि त्यात काम केले ते आमच्या स्मिताने. फिरून धागा खानदेशात आला, असो.

उतारवयातली कामे आमच्या पिढीने प्रत्यक्ष पाहिली. ‘बावर्ची’तली थोरली सून, ‘अभिमान’मधली मावशी, ‘बॉबी’तली मिसेस ब्रॅगांझा, शेवटी शेवटी ‘कर्ज’मधली मुलाची वाट पाहणारी आई. जेम्स आयव्हरींच्या ‘द हाउसहोल्डर’मध्ये (१९६३) शशी कपूरची आई झाल्या, तेही इंग्रजी बोलत. यातल्या पुष्कळ भूमिका साच्यातल्या आहेत, हे मान्य. पण मिसेस ब्रॅगांझा पाहा. गोव्याची ख्रिस्ती म्हातारी, हात हलवत, ठसक्यात बोलणारी. तारामती, जोधाबाई आणि ब्रॅगांझा. हिंदू, मुघल दरबार, ख्रिस्ती. प्रत्येकीची मान वेगळी, बसणे वेगळे, पदर किंवा फ्रॉक सावरण्याची तऱ्हा वेगळी. ‘बिदाई’तल्या आईसाठी फिल्मफेअर मिळाले तेव्हा त्या सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्याआधी देविकाराणी, रूबी मायर्स आणि काननदेवी या तिघींना तो मिळाला होता, म्हणजे ज्यू मुलगी आणि कलकत्त्याची गरीब घरची गायिका त्या यादीत ‘कुलीन’ बाईच्या आधी आल्या. सरकारी यादी कधी कधी समीक्षकांपेक्षा शहाणी असते.

नव्या मुलामुलींना दुर्गाबाईंची ओळख करून द्यायची असेल तर आमचे सांगणे असे, की सुरुवात ‘मुग़ल-ए-आझम’ने करू नये. तिथे इतका झगमगाट आहे की जोधा दिसत नाही. आधी ‘अमरज्योती’ लावावा, आवाज खरखरीत असला तरी चालेल, आणि सौदामिनी पहिल्यांदा जहाजाच्या फळ्यांवर येते तिथपासून फक्त तिच्या मानेकडे पाहावे.